मोठी नानकटाई : आकार आणि आच

नानकटाई ही आपल्याकडे काही नवलाची वस्तू नव्हे. दिवाळीच्या आठवडाभर आधी मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर नंबर लावायचा आणि पत्र्याचा डबा भरून गरम नानकटाई घरी आणायची, हा प्रघात पुष्कळ घरांनी पाहिलेला आहे. परंतु ताटलीएवढी एकच नानकटाई घरी भाजायची म्हटली, तर ती लहान नानकटाईसारखी का होत नाही, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने उष्णतेविषयी लिहावे, हे विज्ञानाच्या मित्रांना कदाचित खटकेल. त्यांनी हिशेब तपासून पाहावा.

हा विषय मला पुस्तकात सापडला नाही, घरात सापडला. माझी माय दिवाळीत आणि लग्नसराईत गल्लीतल्या लोकांच्या मागणीप्रमाणे घरीच नानकटाई करून देते. माझ्या फीचा काही भाग त्यातूनच निघतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे ‘इतके शिकून शेवटी चुलीपुढेच बसायचे ना?’ हा प्रश्न नातेवाइकांकडून वर्षातून चार वेळा तरी ऐकावा लागतो. यंदा एका घरून वाढदिवसाला केकऐवजी एकच मोठी नानकटाई हवी, अशी मागणी आली. अर्धा किलो ऐवज वाया गेला तर मजुरी राहिली बाजूला, तुपाचे पैसे पदरचे जातात. मायने ऐकताक्षणी सांगितले, “मजार कच्चीच ऱ्हाई जाई, पोरी.” म्हणजे आतून कच्चीच राहील. ती असे का म्हणाली, याचा शोध घेणे मला भाग पडले.

आधी नावाविषयी थोडेसे. ‘नान’ म्हणजे फारसीत भाकरी किंवा रोटी. ‘खताई’चा संबंध चीनच्या ‘खता’ या जुन्या फारसी नावाशी जोडतात. आपल्या भागातली नानकटाईची हकीकत सुरतेकडे बोट दाखवते. तिथल्या डच वखारीची भट्टी पुढे एका पारशी कुटुंबाच्या हाती आली आणि त्या बेकरीतून ही खाऊची वस्तू लोकप्रिय झाली, असे परंपरेने सांगतात. एरंडोल जळगाव-धुळे रस्त्यावर आहे आणि तोच रस्ता पुढे सुरतेला जातो, तेव्हा ही वस्तू आपल्याकडे कोणत्या वाटेने आली असेल याची कल्पना करायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. मायचे प्रमाण असे : मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर १२५, तूप १४०, बेसन दोन मोठे चमचे, चिमूटभर सोडा आणि वेलदोडा. (हे ग्रॅम मी किराणा दुकानाच्या काट्यावर काढले. माय वाटी आणि मूठ एवढेच जाणते, आणि तिची मूठ काट्याला फारशी चुकली नाही.) पाणी मुळीच नाही. तूप मैद्याच्या कणांभोवती बसते, त्यामुळे पिठात चिवटपणा येत नाही आणि नानकटाई खुसखुशीत होते. तापल्यावर सोड्यातून वायू सुटतो, त्याने ती फुलते आणि वर भेगा पडतात. सोडा जास्त झाला तर मात्र साबणासारखी चव येते. पाणी घातले नाही तरी मैद्यात मुळातच शेकडा १२ ते १४ भाग ओल असते. ही ओल बहुतेक निघून गेल्याशिवाय आतले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि बदामी रंग व खमंग वास तर १४० अंशांच्या पुढेच येतो.

लहान नानकटाई ५ सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटरच्या आत जाड असते. वजन साधारण २७ ग्रॅम. आता सर्वच मापे चौपट करा. रुंदी २० सेंटिमीटर, जाडी जवळजवळ ५. वजन मात्र चौपट होत नाही, चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ पट होते : पावणेदोन किलो! लहान वस्तू नुसती मोठी केली की तिचे गणित बदलते, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांचे उदाहरण देऊन मांडली होती. नानकटाईच्या बाबतीत त्याहून कठीण गोष्ट अशी, की उष्णता आतपर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी चौपट तर वेळ सोळापट. लहान नानकटाईला १८ मिनिटे लागतात, तर हिला पावणेपाच तास! तोवर कडेचा कोळसा झालेला असेल. मायचे चार शब्द ते हेच.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा, की रुंदी स्वस्त आहे आणि जाडी महाग आहे. आपल्या खानदेशच्या बायकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक असावे. खापरावरचे मांडे पाहा. पुरण भरलेला मांडा हातांवर फिरवत फिरवत ताटाहून मोठा करतात, पण तो पातळ असतो, म्हणून पालथ्या खापरावर बघता बघता भाजला जातो. उलट बट्टी जाड असते, तर ती मुठीएवढीच वळतात आणि गोवऱ्यांच्या मंद आचेत ठेवतात. ताटाएवढी बट्टी कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यात २००३ साली सुमारे १८ हजार किलोचे एक बिस्कीट भाजण्यात आले, रुंदी ३० मीटरच्या वर. एरंडोलला एकचक्रानगरी मानणाऱ्या आम्हा लोकांना बकासुराच्या गाडाभर अन्नाचे नवल नाही, तरी मी कुतूहलाने भागाकार करून पाहिला. दर चौरस सेंटिमीटरला अडीच ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे एवढे अवाढव्य बिस्कीटही दोनेक सेंटिमीटरच जाड असणार! स्कॉटलंडमध्ये शॉर्टब्रेड नावाची नानकटाईची बहीण अखंड चकतीसारखी भाजतात. तीही पातळच, आणि वाफ जावी म्हणून काट्याने टोचलेली.

हे सर्व मी मायला वाचून दाखवले. तिने भागाकाराकडे लक्ष दिले नाही, पण टोचण्याची गोष्ट तिला पटली. मग ठरले ते असे. वरचे सगळे पीठ एकाच २० सेंटिमीटरच्या थाळीत थापले की जाडी दीड सेंटिमीटर होते. त्यातही मायने अंगठ्याने मधला भाग कडेपेक्षा थोडा खोल दाबला, कारण आच तिथे सर्वांत शेवटी पोचते. ही युक्ती तिची. माझ्या हिशेबात ती नव्हती. सुरीने आठ भागांच्या खुणा केल्या, प्रत्येक भागात काट्याने तीन टोचे.

भट्टी म्हणजे आमचे जाड बुडाचे जर्मनचे पातेले. तळाला गिरणेची वाळू दोन बोटे, धुऊन वाळवलेली, तिच्यावर तिवई, थाळीभोवती हवा फिरायला दोन बोटे मोकळी जागा. पातेले झाकून पंधरा मिनिटे मध्यम आचेवर तापवायचे, मग थाळी ठेवून आच मंद करायची. वरून रंग यावा म्हणून झाकणावर निखारे ठेवतात. जाडीच्या हिशेबाने २८ मिनिटे पुरायला हवी होती, लागली ३६. कारण उघड आहे : लहान नानकटाईला चहूबाजूंनी आच मिळते, मोठीच्या मध्याला फक्त खालून आणि वरून, शिवाय अर्धा किलो गार पीठ ठेवताच पातेलेही निवते.

उतरवल्यावर ती मऊच असते. पुष्कळांना वाटते कच्ची राहिली, आणि ते पुन्हा आचेवर ठेवतात. तसे करू नये. तूप गोठले की ती आपोआप घट्ट होते. लहानीला यासाठी पंधरा मिनिटे पुरतात, हिला दीड तास लागला. तोपर्यंत थाळीतून हलवायची नाही, मात्र खुणांवरून सुरी पुन्हा एकदा फिरवून घ्यायची, नाहीतर गार झाल्यावर वेडीवाकडी मोडते. आमची आठ सरळ भागांत सुटली. मधले टोक मोडून पाहिले, आतपर्यंत कोरडे आणि फिकट बदामी होते. त्या घरून पुढच्या महिन्यासाठी आणखी दोन सांगितल्या आहेत, आणि मायने या वेळी दर किलोवर न लावता नगावर लावला आहे.