सावकाश वाढणारें मूल आणि मंडळीचें कर्तव्य

शास्त्रभाग : योहान, अध्याय ९, आरंभींचीं वचनें, २ शमुवेल, अध्याय ९



एखाद्या घरीं असें बाळ जन्मास येतें कीं, त्याचे डोळे किंचित् तिरपे, नाक बसकें व अंग सैल असतें. तें दूध नीट ओढीत नाहीं, बसावयास उशीर लावतें. मग कोणी म्हणतें, ग्रहणांत आईनें विळी हातीं घेतली असेल. कोणी सुनेच्या माहेराकडे बोट दाखवितें. आपणां ख्रिस्ती लोकांतहि ‘आईबापांचें कांहीं पाप असेल’ असें पुटपुटणारे आहेत. मग पाहुणे आले म्हणजे त्या मुलास आंतल्या खोलींत बसवितात आणि उपासनेस आणीत नाहींत. याविषयीं आजचा पाठ आहे.

१. दोष कोणाचा? जन्मांधाला पाहून शिष्यांनीं प्रभूला हाच प्रश्न विचारला होता. पाप ना त्याचें, ना त्याच्या आईबापांचें, असा प्रभूनें निर्णय दिला. तेव्हां प्रभूनें जो दोष लाविला नाहीं, तो आपण कोणत्या अधिकारानें लावावा?

वैद्यकशास्त्राचा शोधहि येथें उपयोगी पडतो. इंग्लंडांतील डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनीं १८६६ सालीं अशा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांच्यावरूनच या स्थितीस डाउन सिंड्रोम म्हणतात. फ्रान्समधील संशोधकांनीं १९५९ सालीं तिचें कारण प्रसिद्ध केलें. आपल्या शरीराच्या पेशींत गुणसूत्रें नांवाचे सूक्ष्म धागे असतात. २३ आईकडून व २३ बापाकडून, मिळून ४६. या मुलांत बहुधा एकविसाव्या जोडींत एक धागा अधिक येऊन ते ४७ होतात. ही गोष्ट गर्भाच्या अगदीं आरंभींच घडून गेलेली असते. ग्रहण, दृष्ट, नवस यांचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. आईचें वय वाढलें असतां असा संभव वाढतो, तरी तरुण आयांनाहि अशीं मुलें होतात. क्वचित् ही गोष्ट आईबापांकडून येते. तें रक्ताच्या परीक्षेनें कळतें.

२. शरीराची काळजी. अशा सुमारें निम्म्या मुलांच्या हृदयांत जन्मतः व्यंग असतें. म्हणून बाळ वरून चांगलें दिसत असलें तरी पहिल्या कांहीं आठवड्यांतच हृदयाची तपासणी करून घ्यावी. पुष्कळ व्यंगें शस्त्रक्रियेनें सुधारतात. कान, डोळे व गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि यांचीहि वेळोवेळीं तपासणी व्हावी. कमी ऐकूं येणाऱ्या मुलास लोक उगाच मंद समजतात. दूध पाजतांना डोकें उंच धरून थोडें थोडें पाजावें. सरकारच्या २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत या स्थितीचा समावेश आहे. अंगणवाडींत किंवा आरोग्य उपकेंद्रांत चौकशी करावी. जास्तीचा धागा काढून टाकणारें औषध नाहीं. तसें सांगून पैसे घेणाऱ्यांपासून सावध असावें.

३. शिक्षण. हीं मुलें शिकतात, परंतु सावकाश. पुष्कळ जण दोन वर्षांच्या सुमारास किंवा त्यानंतर चालूं लागतात. बोलणें त्याहून उशिरां येतें, म्हणून आरंभीं हातांच्या खुणा शिकवाव्या. ऐकण्यापेक्षां पाहून त्यांना लवकर समजतें. सदरा घालणें शिकवावयाचें तर एका वेळीं एकच पायरी घ्यावी : आज केवळ एक बाही. हात धरून करवावें, जमल्यावर शाबासकी द्यावी, आणि रोज त्याच वेळीं पुन्हां करावें. सर्व कांहीं आपणच करून देणें ही माया नव्हे. तिनें मूल पांगळें होतें. भावंडांप्रमाणेंच त्यासहि शिस्त लावावी. कोंबड्यांस दाणे टाकणें, पाण्याचा तांब्या आणणें, हीं कामें त्याचीं म्हणून ठेवावीं. ‘खुळा’ अशी हांक कोणी मारूं नये. बाप्तिस्म्याचें नांव हेंच त्याचें नांव.

४. मंडळीचें कर्तव्य. योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ दोन्ही पायांनीं लंगडा होता. दावीदानें त्याला कोपऱ्यांत धान्य पाठविलें नाहीं. आपल्याच पंक्तीस नित्य बसविलें. उपदेशकानेंहि अशा घरीं सांत्वनाचा चेहरा करून जाऊं नये. बाळाचें नांव विचारावें, त्यास मांडीवर घ्यावें, देवाचे आभार मानावे. प्रार्थनेनें ही स्थिति नाहींशी होईल असें अभिवचन मात्र देऊं नये. तें न फळल्यास आई आपल्याच विश्वासास दोष देत बसते. एखाद्या भगिनीनें रविवारीं तासभर त्या मुलास संभाळावें, म्हणजे आईला उपदेश शांतपणें ऐकावयास मिळेल. मूल मोठें झाल्यावर सतरंज्या अंथरण्याचें काम त्याजकडे द्यावें.

‘आमच्या मागें याचें काय?’ ही आईबापांची रात्रींची चिंता असते. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें जिल्ह्याच्या समितीकडून पालक नेमून घेतां येतो. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणें ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठीं सरकारी रुग्णालयाचा दाखला लागतो. निरक्षर आईबापांबरोबर तेथें जाणें, हीहि उपदेशकाची सेवाच होय.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत कोणतें मूल उपासनेस आणलें जात नाहीं? कां?
२. त्याच्या आईस आजवर आपण कोणते शब्द ऐकविले?
३. येत्या रविवारीं तिच्याजवळ कोण बसेल?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर नांव घेऊन द्यावें, आणि मगच पाठ संपवावा.