हिमालयाला जाताय? सामान हलके, औषधे हाताशी

परीक्षा संपल्या, शाळांना सुटी लागली की आपल्याकडे प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी केदार-बद्रीला निघतो, कोणी कुलू-मनालीला. मिरगाच्या आत परत यायचे, असा सगळ्यांचाच हिशेब असतो. निघण्यापूर्वी आठवडाभर घरात बॅगा भरण्याचे काम चालते. थंडी असेल म्हणून चार स्वेटर, दोन ब्लँकेटे. बाहेरचे खाणे मानवेल की नाही म्हणून चिवड्याचे डबे, लोणच्याची बरणी, खटखटे लाडू आणि खाजा. शेवटी बॅगेचे कुलूप लावायला दोन माणसे लागतात.

या भरलेल्या बॅगेमुळे काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. माझ्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त शिक्षक चारधामला गेले होते. वय बासष्ट, रक्तदाबाच्या गोळ्या गेली आठ वर्षे सुरू. सामान खूप, म्हणून गोळ्यांची पाकिटे मोठ्या बॅगेत तळाशी गेली आणि ती बॅग बसच्या टपावर ताडपत्रीखाली बांधली गेली. रोज रात्री उशिरा मुक्काम, पहाटे प्रस्थान. ‘उद्या काढू’ म्हणता म्हणता तीन दिवस गोळी चुकली. चौथ्या दिवशी डोके ठणकू लागले, छातीत धडधड सुरू झाली. सुदैवाने वाटेतल्या डॉक्टरांनी वेळीच उपचार केले. पण केदारनाथचे दर्शन न घेताच त्यांना खाली परतावे लागले. त्यांच्या बॅगेत चार स्वेटर होते. हाताशी गोळ्यांचे एक पाकीट मात्र नव्हते.

उंचीवर शरीराला काय होते?

आपण समुद्रकाठची माणसे. आपल्याला उंच वाटणारी आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर आहे. केदारनाथ आहे ३,५८३ मीटरवर. म्हणजे पाच आंबोल्या एकीवर एक ठेवल्या तरी ते वरच राहील. रोहतांग खिंड तर ३,९७८ मीटरवर आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते, पण हवेचा दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. साडेतीन हजार मीटरवर आपल्या किनाऱ्याच्या तुलनेत तो जेमतेम दोन-तृतीयांश राहतो. ही तूट भरून काढण्यासाठी श्वास वाढतो, हृदय जलद चालते. अशा वेळी पाठीवरचे प्रत्येक किलो हृदयालाच ओढावे लागते. म्हणून सामान हलके ठेवणे ही आरोग्याचीच बाब आहे.

कपडे किती?

दर हजार मीटर चढताना तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पण थंडी जाड कपड्याने जाते त्यापेक्षा एकावर एक घातलेल्या कपड्यांनी अधिक जाते, कारण थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. अंगालगत पातळ थर्मल किंवा लोकरी बनियन, त्यावर एक चांगला लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे विंडचीटर. एवढे तीन थर पुरतात. चालताना घाम आला तर एक थर काढावा, थांबताच पुन्हा घालावा.

आपल्याला सवय सुती कपड्यांची. पण भिजलेले सुती कापड अंगातील ऊब खेचून घेते आणि लवकर वाळत नाही. जीन्स तर वजनाला जड आणि वाळायला दोन दिवस. आठ-दहा दिवसांसाठी दोन पॅंट, तीन शर्ट, आतल्या कपड्यांचे तीन जोड, तीन जोड मोजे, कानटोपी आणि हातमोजे पुरेत. स्त्रियांनी चढणीच्या दिवशी साडीऐवजी सलवार-कमीज वापरावी. बूट नवे घ्यायचे तर तीन आठवडे आधी घेऊन रोज वापरावेत. खाऊ एका पाकिटापुरता ठेवावा. बरणी घरीच राहू द्या.

दोन बॅगा करा

केदारनाथला गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटर चालावे लागते आणि १,६०० मीटर चढावे लागते. मोठी बॅग खालच्या मुक्कामी ठेवून पाठीवर तीन-चार किलोंचीच पिशवी घ्यावी. खेचर किंवा पिठ्ठू केला तरी ही पिशवी त्याच्याकडे देऊ नये. तो मागे राहतो, पाऊस सुरू होतो आणि विंडचीटर त्याच्यापाशी असते! या पिशवीत असावे :

* रोजची सर्व औषधे मूळ पाकिटांसह, ठरल्यापेक्षा चार दिवसांची जास्त. निम्मी सोबत्याजवळ द्यावीत.
* डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.
* पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची पाकिटे, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम.
* विंडचीटर, कानटोपी, मोज्यांचा एक जोड.
* काळा चष्मा आणि उन्हाचे मलम. उंचीवर अतिनील किरणे प्रखर असतात, बर्फावरून परावर्तित होऊन डोळ्यांना इजा करतात.
* पाण्याची बाटली, थोडा गूळ-शेंगदाणा.

रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या काही गोळ्या अचानक बंद केल्यास त्रास उसळून येतो, हे लक्षात ठेवावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते मैदानी प्रदेशातील मे महिन्याच्या उष्णतेपासून जपावे आणि वर गेल्यावर आतल्या खिशात, अंगालगत ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरू नये.

लक्षणे ओळखा

अडीच हजार मीटरच्या वर कोणालाही, अगदी धडधाकट तरुणालाही, उंचीचा त्रास होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर ही सुरुवात. असे झाल्यास आणखी वर चढू नये, विश्रांती घ्यावी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला, चालताना तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही धोक्याची खूण आहे. सकाळची वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब खाली आणावे आणि दवाखान्यात न्यावे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. हा त्रास टाळण्याची गोळी मिळते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तसे जरूर सांगावे.

हृदयविकार, दमा, फुफ्फुसाचा जुना आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तिकीट काढण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

एक सोपी परीक्षा

निघण्यापूर्वी पंधरा दिवस रोज सकाळी चालण्याचा सराव ठेवा. शेवटच्या आठवड्यात भरलेली पिशवी पाठीला लावून चिवल्याच्या वाळूत अर्धा तास चाला. धाप लागली, खांदे दुखले, तर घरी येऊन पिशवी उघडा आणि एकेक वस्तू बाहेर काढा. प्रत्येक वस्तूबद्दल स्वतःला विचारा, ही नसेल तर माझे काय अडेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ती कपाटात ठेवा. औषधांचे पाकीट मात्र शेवटी पुन्हा एकदा तपासा.