चल, त्याचा प्रकार आणि त्याचे मूल्य

गेल्या सहामाही परीक्षेनंतर इयत्ता नववीच्या गणिताची गुणानुक्रम यादी फलकावर लागली, तेव्हा तिच्यासमोर एक विद्यार्थिनी बराच वेळ निःशब्द उभी होती. तिला शंभरपैकी १०० गुण मिळाले होते आणि यादीत तिचे नाव सर्वांच्या शेवटी होते. ९८ आणि ९१ गुणांच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर ज्याचे नाव झळकत होते, त्या विद्यार्थ्यास ९ गुण होते. मुले हसली. त्या हसण्याने त्या दोघांनाही जे वाटले असेल, त्याचे उत्तरदायित्व आमच्याकडे येते. कारण यादी तयार करणारी आज्ञावली आम्हीच लिहिली होती. पुढील विवेचन त्या चुकीतूनच निघाले आहे.

आज्ञावली पायथन भाषेत होती. खीदो व्हान रॉसम या डच आज्ञावलीकाराने ही भाषा रचली आणि १९९१ साली ती प्रथम लोकांच्या हाती दिली. तिचे नाव सर्पावरून नव्हे, तर ‘मॉन्टी पायथन’ या इंग्रज विनोदी मंडळीवरून पडले आहे. भाषेतील आज्ञा यंत्रावर रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. येथे मात्र आम्ही त्या उच्चारानुसार देवनागरीत देत आहो.

बीजगणितात ‘क्ष’ हा चल आपल्या परिचयाचा आहे. संगणकाच्या भाषेतही चल असतो. परंतु तेथे त्याला मूल्याबरोबर प्रकारही असतो. ३५ ही पूर्णांक संख्या, ३५.५ ही दशांश संख्या आणि अवतरणचिन्हांत लिहिलेले ‘३५’ ही केवळ दोन अक्षरांची माला. आपल्या डोळ्यांना पहिले आणि तिसरे सारखेच दिसते. यंत्राला त्यांत सांगड दिसत नाही. ‘३५’ आणि ३५ समान आहेत काय, असे पायथनला विचारल्यास ती निःसंकोच ‘नाही’ म्हणते.

गुणांचा तक्ता आम्ही फाइलीतून वाचला होता. अशा फाइलीतून येणारे सारे काही अक्षरमाला म्हणूनच येते. कळफलकावरून ‘इनपुट’ या आज्ञेने घेतलेल्या उत्तराचेही तसेच. अक्षरमालांचा क्रम शब्दकोशाप्रमाणे लागतो, म्हणजे प्रथम पहिले अक्षर पाहावयाचे, ते सारखे असेल तर दुसरे. शंभराचे पहिले अक्षर एक, अठ्ठ्याण्णवाचे नऊ. झाले, शंभर तळाशी गेले. आणि नुसता ‘९’ हा ‘९१’ च्या लगेच मागे, परंतु ‘८९’ च्या पुढे बसला. कोशात ‘कम’ हा शब्द ‘कमळ’ च्या आधी आणि ‘खण’ च्याही आधी येतो, त्यातलाच हा न्याय. यंत्र चुकले नव्हते. आम्ही संख्या लावावयास सांगत आहो अशी आमची समजूत होती, आणि त्याच्या हाती आम्ही शब्द दिले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आम्ही त्याच गुणांची बेरीज मागितली असती, तर पायथनने तत्क्षणी प्रकारदोष दाखवून काम थांबवले असते. संख्येत अक्षरमाला मिळवता येत नाही. ‘३५’ ला दोनाने गुणले असते, तर मात्र तिने ७० न देता ‘३५३५’ दिले असते, तेही मुकाट्याने! जी चूक ओरडते तिचे भय नाही. आमची चूक क्रम लावण्यात होती आणि ती गप्प राहिली. पायथनच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीत तर अक्षरमाला ही कोणत्याही संख्येहून मोठीच मानली जाई. म्हणजे ‘गुण ३५ वा अधिक आहेत काय’ या प्रश्नाला सारा वर्ग उत्तीर्ण झाला असता. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने अशी तुलना दोष ठरवली.

मग प्रकार तपासावा कसा? ‘टाइप’ ही आज्ञा चलाचा प्रकार सांगते. अधिक उपयोगी आज्ञा ‘इझ-इन्स्टन्स’ ही होय. तिला चल आणि अपेक्षित प्रकार द्यावा, ती होय किंवा नाही असे उत्तर देते. पूर्णांक अथवा दशांश यांपैकी काहीही चालणार असेल, तर दोन्ही प्रकार एकत्र कंसात देता येतात. या दोन आज्ञांत एक गमतीचे अंतर आहे. सत्य आणि असत्य ही दोन मूल्ये पायथनमध्ये पूर्णांकांचाच उपप्रकार मानली जातात. सत्य अधिक सत्य बरोबर दोन! त्यामुळे गुणांच्या जागी चुकून ‘हजर आहे’ या अर्थाचे ‘सत्य’ आले, तर ‘इझ-इन्स्टन्स’ त्याला पूर्णांक म्हणून आत सोडते आणि विद्यार्थ्याच्या पदरी एक गुण पडतो. ‘टाइप’ ला विचारले तर ती स्पष्ट सांगते की हा पूर्णांक नव्हे.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास रचलेल्या सी भाषेत ही व्यवस्था निराळी आहे. तेथे चल हा ठरावीक मापाचा डबा. प्रकार आरंभीच जाहीर करावा लागतो आणि पुढे बदलत नाही. पायथनमध्ये चलाचे नाव म्हणजे वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. प्रकार वस्तूचा, चिठ्ठी सोडून दुसऱ्या वस्तूला केव्हाही बांधावी. २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून चिठ्ठीवर अपेक्षित प्रकार लिहून ठेवण्याची सोय झाली आहे. परंतु आज्ञावली चालू असताना पायथन त्या लिखिताकडे पाहत नाही. ते वाचून दोष काढणारे मायपायसारखे निराळे साधन आधी चालवावे लागते. ही सोय पुष्कळांना पुरेशी वाटते. आम्हाला वाटत नाही.

कारण प्रकार बरोबर असला म्हणजे मूल्य बरोबर असतेच असे नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कूरू येथून एरियान ५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले आणि सुमारे ४० सेकंदांत त्याचा नाश झाला. त्याची आज्ञावली एडा या भाषेत होती, जी प्रकारांच्या बाबतीत अतिशय कडक म्हणून ख्यात आहे. आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी दशांश संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात रूपांतरित करावयाची होती. त्या पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान ४ वर ती मर्यादा कधी ओलांडली गेली नव्हती. नवा बाण अधिक वेगवान, त्याने ती ओलांडली. आणि विशेष हे, की आज्ञावलीच्या त्या भागाचे उड्डाणानंतर काहीच काम नव्हते.

आमच्या तक्त्यात अंतराळाची बाब नव्हती. तरी आता आम्ही रीत बदलली आहे. फाइलीतून आलेली प्रत्येक अक्षरमाला दारातच ‘इंट’ या आज्ञेने पूर्णांकात बदलतो. गुजराती पाट्यांच्या या नगरात आपल्या शाळेची गुणपत्रके अजून देवनागरी अंकांत भरली जातात. तेव्हा हे अंक तिला उमगतील काय, अशी आम्हास शंका होती. उमगतात. ‘इंट’ ला ‘३५’ हे देवनागरीत दिले तरी ती पस्तीस ही संख्याच देते. चलाचे नावही ‘गुण’ असे देवनागरीत ठेवता येते. मात्र आज्ञावलीत उघडपणे लिहिलेली संख्या इंग्रजी अंकांतच लागते.

एखाद्या ठिकाणी ‘गै’ म्हणजे गैरहजर असे आढळले, तर ‘इंट’ मूल्यदोष दाखवते. तो दोष पकडून आम्ही तेथे ‘नन’ म्हणजे ‘काहीच नाही’ ठेवतो. शून्य ठेवत नाही. ज्वराने घरी राहिलेल्या मुलास शून्य गुण मिळाले असे म्हणणे असत्य होय, शिवाय त्याने वर्गाची सरासरीही खाली येते. त्यानंतर मूल्याची सीमा: गुण शून्याहून लहान वा शंभराहून मोठे असता कामा नयेत. पायथनमध्ये ही दुहेरी तुलना गणिताच्या वहीतल्याप्रमाणेच सलग लिहिता येते. पहिल्याच दिवशी तिने टंकनात शिरलेले ४५० पकडले. ते ४५ होते.

४५ च्या जागी ५४ टंकले गेले, तर मात्र यांपैकी कोणतीही तपासणी ते ओळखणार नाही. प्रकार पूर्णांक आहे, सीमाही पाळलेली आहे. म्हणून वार्षिक परीक्षेच्या वेळी यादी फलकावर लावण्यापूर्वी दोघांनी बसावयाचे ठरले आहे. एकाने मूळ गुणपत्रक मोठ्याने वाचावयाचे आणि दुसऱ्याने छापील यादीवर खुणा करावयाच्या. वाचण्याचे काम त्या शंभर गुणांच्या विद्यार्थिनीने आपण होऊन मागून घेतले आहे.