कोयत्याची धार आणि उसाचा बुडखा



टोळी फडात उतरली की आपण काट्यावरचं वजन बघतो, पण टोळीच्या हातातला कोयता बघत नाही. काट्यावर किती भरणार, यात कोयत्याचाही वाटा असतो. त्याचा एकेक भाग कशासाठी आहे ते समजून घेऊ.

१) पाठ : पाठ जाड असल्याने पातं वाकत नाही आणि घावाला भार मिळतो. फार हलका कोयता हाताला बरा वाटतो, पण एका घावाचं काम दोन घावांवर जातं.

२) टोक : पुढे आत वळलेल्या टोकाने ऊस निसटत नाही आणि पाचटही ओढता येतं. वेस्ट इंडीजकडच्या ऊसतोडीच्या रुंद सुरीला याच कामासाठी पाठीवर आकडी असते.

३) धार : फार पातळ धार गाठीवर मुडपते. बोथट धार ऊस कापत नाही, चिरडते. म्हणून लोहार धारेला पाणी देऊन ती कडक करतो आणि पाठ चिवट ठेवतो. सगळंच पातं कडक केलं तर ते मोडेल.

४) मूठ : मूठ ढिली असेल तर घाव चुकतो आणि पायावर येतो. रोज सकाळी ती हलवून बघावी.

आता हिशेब बघा. समजा, २ मीटर लांबीचा ऊस १ किलो भरतो. बुडाशी ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, राहिला तर २५ ग्रॅम गेले. एकरी ४० हजार ऊस धरले तर १ टन माल रानातच राहिला! शिवाय पक्व उसात साखर शेंड्यापेक्षा बुडाकडे जास्त असते. खोडव्याचंही नुकसान होतं. उंच बुडख्यावरचे फुटवे मातीत मुळ्या धरत नाहीत, आणि चिरडलेल्या बुडख्यात बुरशी शिरते.

मग टोळी उंच का तोडते? गोदाकाठच्या आपल्या भारी जमिनीत मोठ्या बांधणीची माती बुडाशी चढलेली असते. मातीत, खड्यात घाव बसला की धार जाते. तोडणीचा दर टनावर, त्यामुळे धार लावण्यात गेलेला वेळ ‘कोयत्या’च्या, म्हणजे त्या नवरा-बायकोच्या, मजुरीतून जातो. तेव्हा नुसतं ओरडून भागणार नाही.

आपण एवढं करावं :

– तोडणीपूर्वी १०-१५ दिवस पाणी बंद ठेवावं.
– बुडाशी ढेकळं, दगड असतील तर बाजूला करावेत.
– बांधावर धारेचा दगड, कानस आणि पिण्याचं पाणी ठेवावं.
– पहिल्या दोन सऱ्या टोळीसोबत उभं राहून जमिनीलगत तोडून घ्याव्यात.
– राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने लगेच छाटावेत आणि त्यांवर कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात फवारावं.

दगडावर चार हात फिरवायला दोन मिनिटं लागतात. टनभर ऊस पिकवायला मात्र वर्ष लागतं.