सापडलेल्या डब्यांचं दफ्तर

सोनू,

सिअ‍ॅटलला गेल्यापासून तुला जिओकॅशिंगचा, म्हणजे जीपीएसवरून लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाचा, नाद लागला आहे, आणि शोधलेल्या डब्यांची यादी आपल्या संगणकावर कशी उतरवायची असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर थोडं मागे जाऊन दिलेलं बरं. या खेळाचा जन्मच आज नीट सांगता येतो तो कुणीतरी वेळेवर प्रती जपल्या म्हणून.

१ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम मिसळली जाणारी चूक बंद केली. शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रं एका रात्रीत वीस मीटरच्या आत आली. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या संगणकतज्ज्ञाने ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ प्लास्टिकची एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, थोडे पैसे, एक गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा अशा वस्तू होत्या. जागेचे आकडे होते उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटं, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटं. उपग्रह दिशादर्शनावर चर्चा करणाऱ्या युजनेटवरच्या एका गटात त्याने ते जाहीर केले आणि नियम सांगितला: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत लिहा. तीन दिवसांत दोन वाचकांनी बादली शोधली. त्यांच्यापैकी माइक टीग याने जगभर लपवल्या जाणाऱ्या अशा जागांची यादी स्वतःच्या पानावर गोळा करायला घेतली. २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश याने जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं, तेव्हा त्या यादीत ७५ डबे होते.

बादली आता तिथे नाही, तिच्या जागी एक स्मृतिफलक आहे. पण उल्मरचा मूळ संदेश आजही अक्षरशः वाचता येतो. युजनेटवरच्या चर्चा डेजा नावाची कंपनी साठवून ठेवत होती, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये तो सगळा साठा गूगलने विकत घेतला.

प्रत्येक नोंदीचं नशीब असं नसतं. गार्मिन ही जीपीएस यंत्रं बनवणारी मोठी कंपनी. तिने २०१० मध्ये ओपनकॅशिंग डॉट कॉम नावाने याच खेळाचं स्वतःचं संकेतस्थळ काढलं आणि २०१५ मध्ये बंद केलं. ज्यांनी आपले लॉग (शोधांच्या नोंदी) तिथेच लिहिले आणि प्रत घेतली नाही, त्यांच्या हाती काय राहिलं असेल? ज्या संकेतस्थळावर तू आज लिहितेस ते पंचवीस वर्षं टिकलं आहे आणि पुढेही टिकावं. तरीही सातबारा तलाठ्याच्या दफ्तरात असला तरी शहाणा शेतकरी त्याचा उतारा घरच्या ट्रंकेत ठेवतोच.

प्रत्येक डब्याच्या शोधाची नोंद दोन ठिकाणी होते. डब्यातल्या वहीत पेन्सिलीने नाव लिहिलं जातं, आणि खरा पुरावा तोच: वहीत नाव नसेल तर डब्याचा मालक संकेतस्थळावरचा तुझा लॉग काढून टाकू शकतो. वही भिजते, भरते, डब्यासकट चोरीलाही जाते. दुसरी नोंद संकेतस्थळावरची, ती कंपनीच्या संगणकात. स्नोक्वाल्मी खिंडीजवळच्या ‘मिशन ९: टनेल ऑफ लाइट’चं उदाहरण बघ, तुझ्यापासून ते फार लांब नाही. २००१ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ चित्रपटासाठी लपवलेल्या मोजक्या डब्यांपैकी तो एक. जुन्या रेल्वेच्या साडेतीन किलोमीटरांहून लांब बोगद्यातून चालत लोक त्याच्यापर्यंत जात. २०११ मध्ये डबा नाहीसा झाला आणि पान बंद पडलं. काही वर्षांनी डबा सापडला आणि पान पुन्हा उघडलं. असं भाग्य फार थोड्या डब्यांना लाभतं. तिसरी नोंद असते ती तुझ्या स्वतःच्या संगणकात, आणि ती तू केलीस तरच असते.

आता ती करायची कशी ते सांगतो. जिओकॅशिंग डॉट कॉमच्या प्रीमियम, म्हणजे पैसे भरणाऱ्या, सदस्यांना डब्यांची यादी उतरवून घ्यायची पॉकेट क्वेरी नावाची सोय मिळते. साध्या क्वेरीत एका वेळी जास्तीत जास्त १००० डबे येतात. ‘माय फाइंड्स’ ही खास क्वेरी मात्र तुझे सगळे शोध एकदम देते, आकड्याची मर्यादा नाही आणि बंद पडलेले डबेही त्यात असतात. ती तीन दिवसांतून एकदाच चालवता येते. बटण दाबलं की ती रांगेत लागते आणि तयार झाली की झिप फाईल मिळते. ती काही दिवसच तिथे राहते, म्हणून लगेच उतरवून घे. प्रीमियम कायम ठेवणं परवडत नसेल तर वर्षातून एक महिना घे आणि त्या महिन्यात हे काम उरक.

झिपच्या आत जीपीएक्स फाईल निघेल. ही मांडणी २००२ पासून आहे आणि ती निव्वळ मजकुराची आहे. कुठल्याही साध्या मजकूर-संपादकात उघड, माणसाला वाचता येते. डब्याचा जीसी क्रमांक (संकेतस्थळावरची त्याची ओळख), अक्षांश-रेखांश, प्रकार, आकार, काठिण्य, डबा लपवला त्याची तारीख, तू शोधलास ती तारीख आणि तू लिहिलेले शब्द, सगळं त्यात असतं. वीस वर्षांनी आजची अ‍ॅपं राहिली नाहीत तरी ही फाईल उघडेल. म्हणून मूळ फाईलला कधी हात लावू नकोस. नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घाल आणि बदल करायचे ते दुसऱ्या प्रतीत कर. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर.

या फाईलमध्ये काय नसतं, ते नवख्यांना बहुधा कुणी सांगत नाही. न सापडलेल्या डब्यांचे डीएनएफ (‘डिड नॉट फाइंड’) लॉग त्यात येत नाहीत. चार तास नेच्यात आणि चिखलात फिरून हात हलवत परतल्याचा दिवस बहुतेकांना सोप्या शोधांपेक्षा जास्त आठवतो, आणि नेमका तोच गळतो. लॉगला जोडलेले फोटो येत नाहीत. डब्याडब्यांतून फिरणारा कुठला ट्रॅव्हल बग तू कुठून कुठे नेलास त्याचा प्रवास येत नाही. अ‍ॅडव्हेंचर लॅब या डब्याविना खेळल्या जाणाऱ्या प्रकाराचे थांबेही येत नाहीत, पण तुझ्या पानावरच्या एकूण आकड्यात ते मोजले जातात. त्यामुळे फाईलमधला आकडा आणि पानावरचा आकडा जुळत नाही आणि माणसं घाबरतात. घाबरायचं कारण नाही. लॅबचे थांबे वजा करून बघायचे. पण गळलेलं सगळं हाताने जपावं लागेल. फोटो तारखेच्या आणि जीसी क्रमांकाच्या नावाने ठेव, डीएनएफ वेगळ्या वहीत लिही. कोडं सोडवल्यावरच कळणारी कोड्याच्या डब्यांची खरी जागाही त्याच वहीत जाऊ दे. ती लॉगमध्ये लिहिली तर पुढच्याची मजा जाते, आणि स्वतःकडेही लिहिली नाही तर काही वर्षांनी ती जागा तुझी तुलाच सापडणार नाही.

ही फाईल नुसती पडून राहत नाही. विंडोजवर जीसॅक नावाचा जुना, भक्कम प्रोग्रॅम आहे. झिप न उघडता तशीच त्याला दिली की तो जीसी क्रमांकावरून ओळखून नवे शोध भरतो, जुने दुबार करत नाही. तुझ्या शोधांसाठी त्यात स्वतंत्र डेटाबेस ठेव. मग हवे ते प्रश्न विचारता येतात. शोधाचं काठिण्य आणि भूभागाची अवघडता दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीने मोजतात, म्हणजे ९ गुणिले ९, एकूण ८१ जोड्या. त्यांतल्या कुठल्या भरल्या, कुठल्या राहिल्या? मे २००० पासूनच्या प्रत्येक महिन्यात लपवलेला एक तरी डबा शोधायचा, या आव्हानाला खेळाडू जॅस्मर म्हणतात. २००० सालातले डबे आता फार थोडे उरलेत. कॅन्ससमधला मिंगो, म्हणजे जीसी३०, हा चालू असलेल्यांत सर्वांत जुना. तुझ्या फाईलमधून रिकामे महिने काढलेस तर सुट्टीत कुठे जायचं ते आपोआप ठरेल.

पण हे सगळं हिशेबाचं काम झालं. उतरवलेल्या नोंदीत जीव येतो तो तू लिहिलेल्या शब्दांनी. पुष्कळ जण ‘टीएफटीसी’ (‘थँक्स फॉर द कॅश’) एवढी चार अक्षरं टाकून पुढे जातात. डबा लपवणाऱ्याने जागा हेरली, परवानगी घेतली, दर पावसाळ्यानंतर तो डबा पुसायला तो जातो. त्याला चार ओळी वाचायला मिळाल्या पाहिजेत, आणि दहा वर्षांनी तुलाही. एका लॉगमध्ये ४००० अक्षरं मावतात. कोण बरोबर होतं, हवा कशी होती, झाडाखाली बसून काय खाल्लं, ते लिही. एका दिवसात बरेच डबे शोधलेस तर कितवा शोध तेही लिही. फाईलमधल्या वेळेवरून एका दिवसातला क्रम लागेलच असं नाही.

आणि मराठीत लिहायला कचरू नकोस. मालकासाठी दोन ओळी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. जीपीएक्स फाईल यूटीएफ-८ मध्ये असते, त्यामुळे देवनागरी जशीच्या तशी उतरते. गडबड होते ती यादी सीएसव्ही करून एक्सेलमध्ये थेट उघडताना, तिथे अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. डेटा आयात करण्याच्या खिडकीत ६५००१ हा यूटीएफ-८ चा पर्याय निवडलास की मराठी नीट येईल.

पहिली फाईल उतरवलीस की तिच्यातला सर्वांत जुना शोध, सर्वांत नवा शोध आणि एखादा मराठीत लिहिलेला लॉग, एवढे तीन तपासून घे. तिन्ही बरोबर असतील तर फाईल पूर्ण उतरली असं समज आणि एक प्रत मला पाठव. घराबाहेरची प्रत माझ्याकडे राहील.

तुझा,
मामा