कासवाची साक्ष

आठवीच्या वर्गात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पाठ चालू असता एका मुलाने विचारले, “सर, एका घरी पाठीवर चांदण्या असलेले कासव आहे. ते म्हणतात, पकडून आणलेले नाही, घरीच जन्मले. खरे-खोटे कसे ओळखावे?” प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर येथे थोडक्यात देतो.

या प्राण्याला तारा-कासव किंवा स्टार कासव म्हणतात. घरात कासव असले की बरकत येते, या समजुतीपायी ते पकडले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते पाळणे गुन्हा आहे. ‘घरी जन्मले’ ही सबब आपल्या देशात चालत नाही. परदेशी बाजारात मात्र या सबबीला किंमत आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये रानातील तारा-कासवांचा व्यापार बंद झाला. नोंदलेल्या पैदास-केंद्रांतील कासवांना मुभा राहिली. साहजिकच रानातून चोरलेल्या कासवाच्या कागदावर ‘पैदाशीचे’ असे लिहिण्याचा मोह होतो. कागद खोटे बोलतो. कासवाचे अंग बोलत नाही.

पहिली साक्ष आहाराची. पाठीवरचा खवला आपल्या नखासारख्याच द्रव्याचा असतो. त्याचा मधला भाग सर्वांत जुना. नवी वाढ कडेने होते. आता कार्बनचे दोन स्थिर प्रकार आहेत, एक हलका व एक किंचित जड. ज्वारी, ऊस आणि उष्ण प्रदेशातील पुष्कळशी गवते यांत जड कार्बनचे प्रमाण तूर, कोबी, पालक यांच्यापेक्षा थोडे अधिक असते. प्राणी जे खातो, ते त्याच्या अंगी उमटते. खवल्याच्या मध्याशी रानगवताची खूण आणि कडेला कोबीची खूण आढळली, तर बालपण रानात व पुढचे आयुष्य कैदेत गेले, असा संशय बळावतो.

दुसरी साक्ष वंशाची. पिलाचा डी.एन.ए. त्याचे आईबाप म्हणून दाखविलेल्या जोडीशी ताडून पाहतात. जुळला नाही, तर दावा कोसळतो.

तिसरी साक्ष मुलुखाची. हिचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. सिंगापूरला चोरून नेलेली १,८०० हून अधिक तारा-कासवे भारतात परत आली व हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात ठेवली गेली. त्यांना कोठे सोडावे? तेथील सी.सी.एम.बी. या संशोधनसंस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांपैकी काहींचा डी.एन.ए. तपासला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार बहुतेक कासवे दक्षिण भारतातील निघाली. थोडी मात्र वेगळी होती. ही तपासणी झाली नसती, तर सर्वांची एकत्र सरमिसळ झाली असती.

परंतु कोणतीही एक साक्ष पुरेशी नाही. कैदेतही गवत घातले, किंवा रानातील अंडी आणून उबविली, तर आहाराची खूण फसविते. म्हणून तिन्ही साक्षी एकत्र जुळवून पाहाव्या लागतात.

त्या मुलाला मी शेवटी एवढेच सांगितले, आणि ट्रस्टच्या सर्व कुटुंबांनाही तेच सांगणे आहे. कोणाच्या घरी असे कासव असेल, तर ते विहिरीत टाकू नका. हे जमिनीवरचे कासव आहे, पाण्यात बुडून मरेल. परस्पर रानातही सोडू नका. त्याचा रोग तेथल्या कासवांना लागेल. वनखात्याच्या स्वाधीन करा. रानातील जीव ही आपल्याजवळची अमानत आहे, आणि अमानत ज्याची त्याला परत करण्यातच खरी बरकत आहे.