नायकाची कसोटी

(एकाहून एक नामांकित खेळाडू ज्या संघात असतात, त्या संघाच्या यशाचे श्रेय कोणाचे? खेळाडूंचे, की त्यांना एकत्र राखणाऱ्या नायकाचे? हा वाद जुना आहे. प्रस्तुत पाठात लेखकाने अजित वाडेकर यांच्या कारकिर्दीच्या आधारे त्याच्या दोन्ही बाजू मांडल्या आहेत.)

भात कापून झाले, खळी आटोपली, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावोगावच्या मोकळ्या शेतांत हुतूतूचे, म्हणजेच कबड्डीचे, डाव रंगू लागतात. सामना ठरला की पहिला वाद होतो तो संघनिवडीवरून. चपळ चढाई करणारे गडी सर्वांनाच हवे असतात. परंतु सातही गडी चढाईत पटाईत असले, तर पकड कोणी करायची आणि कोपरा कोणी राखायचा? सारेच पालखीत बसले, तर खांदा कोणी द्यायचा?

हे मर्म आपल्या शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक आहे. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष महिन्यात मोठी यात्रा भरते आणि तिच्यातील बैलांचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथे जाणता शेतकरी केवळ बैलाची उंची आणि वशिंड पाहून सौदा करीत नाही. एका बैलाची चाल दुसऱ्याच्या चालीशी जुळते की नाही, हे तो पाहतो. दोन्ही बैल बळकट असूनही एक पुढे ओढू लागला आणि दुसरा बाजूला, तर नांगराचे तास वाकडेच जाणार. मग दोष बैलांचा, की कासरा धरणाऱ्याचा?

क्रीडाजगतात हाच प्रश्न वारंवार विचारला जातो. अमेरिकेतील बास्केटबॉलच्या खेळात फिल जॅक्सन या प्रशिक्षकाने शिकागो आणि लॉस एंजेलिस येथील संघांना मिळून अकरा वेळा अजिंक्यपद मिळवून दिले. टीकाकार म्हणत, ‘मायकेल जॉर्डनसारखा खेळाडू हाताशी असता, तर कोणीही जिंकला असता.’ त्यावर समर्थकांचे उत्तर असे, की जॉर्डन १९८४ पासून शिकागोकडून खेळत होता. पण जॅक्सन १९८९ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्यानंतर, १९९१ मध्ये, त्या संघाने पहिले अजिंक्यपद पटकावले. पुढे २००४ मध्ये त्याच जॅक्सनच्या लॉस एंजेलिसच्या संघात चार जगद्विख्यात खेळाडू एकत्र आले, आणि तरीही अंतिम फेरीत डेट्रॉइटने त्या संघाला चार विरुद्ध एक अशा सामन्यांनी नमविले. म्हणजे दोन्ही पक्षांना पुरावा सापडतो. अशा वेळी न्याय कसा करावा?

आपल्या प्राचीन शास्त्रकारांची रीत अशी होती, की आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, प्रामाणिकपणे आणि त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावयाचे. मग उत्तरपक्ष सांगावयाचा आणि शेवटी सिद्धान्त. आपणही याच रीतीने मुंबईच्या एका क्रिकेट-कर्णधाराचा विचार करू.

अजित लक्ष्मण वाडेकर यांचा जन्म १ एप्रिल १९४१ रोजी मुंबईत झाला. डावखुरे फलंदाज म्हणून मुंबईच्या संघात त्यांनी नाव मिळविले आणि १९६६ मध्ये ते पहिली कसोटी खेळले. १९७१ च्या आरंभी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी भारताचा कर्णधार निवडावयाचा होता. मन्सूर अली खान पतौडी अनेक वर्षे कर्णधार होते. त्यांना बाजूस सारून, निवडसमितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने वाडेकरांची निवड झाली. पतौडी दौऱ्यावर गेले नाहीत. परंतु त्यांच्या हाताखाली वाढलेले इरापल्ली प्रसन्ना, बिशनसिंग बेदी, सलीम दुराणी आदी गुणी खेळाडू आता एका नव्या, अबोल वाटणाऱ्या कर्णधाराच्या हाती आले. हैदराबाद संघाचे नेतृत्व करणारे, वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ असे एम. एल. जयसिंह हेही त्यांत होते.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. पोर्ट ऑफ स्पेन येथील दुसरी कसोटी भारताने सात गडी राखून जिंकली आणि वेस्ट इंडीजवर प्रथमच विजय मिळविला. उरलेले चार सामने अनिर्णित राहिल्याने मालिकाही भारताची झाली. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी ओव्हल येथे भारताने इंग्लंडला चार गडी राखून हरविले. इंग्लंडच्या भूमीवरील तो आपला पहिला कसोटीविजय होय.

आता पूर्वपक्ष ऐका. तो म्हणतो, ‘यात कर्णधाराचे कर्तृत्व ते कोणते? वेस्ट इंडीजमध्ये कोवळ्या सुनील गावसकरांनी चारच कसोटींत ७७४ धावा काढल्या. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी तीन शतकांसह ६४२ धावांची भर घातली. ओव्हलवर भागवत चंद्रशेखरांनी ३८ धावांत सहा बळी घेतले, म्हणून इंग्लंडचा डाव १०१ धावांत कोसळला. वाडेकर हे केवळ भाग्यवान कर्णधार होते. शिवाय नायक इतका समर्थ होता, तर १९७४ मध्ये काय झाले? इंग्लंडच्या दौऱ्यात तिन्ही कसोटी हरल्या, आणि लॉर्ड्सवर तर सारा संघ ४२ धावांत बाद झाला!’

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. तथापि उत्तरपक्षालाही बोलू द्या.

किंग्स्टन येथील पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताची अवस्था पाच बाद ७५ अशी झाली. तेव्हा सरदेसाईंनी २१२ धावांची खेळी करून संघाला ३८७ पर्यंत नेले. या सरदेसाईंना संघात घ्यावे म्हणून आग्रह धरणारे वाडेकरच होते. वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. भारताला १७० धावांची आघाडी मिळाली. एरव्ही प्रतिपक्षाला पुन्हा खेळावयास लावण्यासाठी दोनशेंची आघाडी लागते; परंतु पहिला दिवस वाया गेल्यामुळे दीडशेंची आघाडी पुरेशी होती. हा नियम वाडेकरांच्या ध्यानात होता. त्यांनी प्रतिपक्षाच्या कक्षात जाऊन गॅरी सोबर्स यांना शांतपणे ‘फॉलोऑन’ घेण्यास सांगितले. सामना अनिर्णित राहिला. पण ज्या संघावर आजवर एकही विजय मिळाला नव्हता, त्याच्याही डोळ्यांना डोळा भिडविता येतो, हे आपल्या खेळाडूंना त्या क्षणी कळले. ती गोष्ट धावफलकावर कोठेच नोंदली जात नाही.

दुसऱ्या कसोटीत दुराणी यांच्या हाती योग्य वेळी चेंडू देण्यात आला. त्यांनी सोबर्सना शून्यावर त्रिफळाबाद केले आणि क्लाइव्ह लॉइड यांना झेल देण्यास भाग पाडले. तो झेल टिपला खुद्द वाडेकरांनी. दुराणी हे मनस्वी प्रतिभेचे खेळाडू होते. अशा माणसाला रोज एकाच मापाने राबविता येत नाही; पण त्याची घटका कोणती हे ओळखता येते.

संघात सर्वांचे काम सारखे चमकदार नसते. एकनाथ सोलकर हे हिंदु जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचे पुत्र. फलंदाजाच्या अगदी जवळ, शिरस्त्राणाविना उभे राहून त्यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. फिरकी गोलंदाजांच्या नावावर जे बळी मांडले गेले, त्यांतील कितीतरी सोलकरांच्या तळहातांनी पूर्ण केले. असल्या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणे हे नायकाचे पहिले कर्तव्य होय.

दुसरे कर्तव्य याहून कठीण आहे. शंभराहून अधिक कसोटी बळी नावावर असलेले प्रसन्ना १९७१ च्या इंग्लंड-दौऱ्यात एकही कसोटी खेळले नाहीत. त्यांच्या जागी उपकर्णधार वेंकटराघवन खेळले. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर आजही मतभेद होतात. परंतु सर्व गुणी माणसांना एकाच वेळी जागा देता येत नाही, आणि ज्याला वगळावे लागते त्याच्या मनातील शल्य नायकालाच सांभाळावे लागते.

आणखी एक प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. १९७२–७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला असता पतौडी पुन्हा कसोटी खेळले. संस्थानिकांच्या पदव्या तेव्हा रद्द झाल्या होत्या. कालचे नवाब आता नुसते मन्सूर अली खान होते. ज्यांची जागा वाडेकरांनी घेतली, तेच आता वाडेकरांच्या हाताखाली मैदानात उतरले. मद्रासच्या कसोटीत त्यांनी ७३ धावा काढल्या, भारताने तो सामना जिंकला आणि पुढे मालिकाही २–१ अशी जिंकली. माजी नायकाने आपला मान गिळला आणि विद्यमान नायकाने आपली असूया जवळ येऊ दिली नाही, म्हणूनच हे घडू शकले.

आता सिद्धान्ताकडे येऊ. १९७४ च्या दौऱ्यावर गेलेला संघ काही नवख्यांचा नव्हता. गावसकर, विश्वनाथ, इंजिनीअर, सोलकर, बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन ही सारी मंडळी त्यात होती. केवळ नामांकित खेळाडूंनी विजय मिळत असता, तर ४२ ही संख्या आपल्या इतिहासात आली नसती. उलट, केवळ नायकाने विजय मिळत असता, तरीही ती आली नसती. कारण नायक तेच होते. म्हणजे दोन्ही पक्षांचे अर्धे म्हणणे त्या एका डावाने खोडून काढले.

मग बदलले काय? हवामान बदलले. तो दौरा थंड, ओलसर दिवसांत झाला आणि तशी हवा आपल्या फिरकीला प्रतिकूल व त्यांच्या वेगवान गोलंदाजांना अनुकूल होती. आणि दुसरी गोष्ट, संघातील एकोपा विरला. त्या दौऱ्यात कुरबुरी झाल्या, मने दुरावली, हे त्या संघातील खेळाडूंनीच पुढे सांगितले आहे. गुण, परिस्थिती आणि एकोपा या तीन गोष्टींवर यश उभे असते. गुण जन्माने आणि मेहनतीने येतात. परिस्थिती कोणाच्याच हाती नसते. एकोपा तेवढा नायकाच्या हाती असतो. तोही एकदा साधला म्हणजे कायमचा साधला, असे होत नाही. भाताच्या खाचराचा बांध दर पावसाळ्यापूर्वी नव्याने लिंपावा लागतो. गतवर्षी घातलेल्या मातीवर विसंबून राहणाऱ्याच्या शेतात पाणी ठरत नाही.

एकोप्याचे बळ किती असते याचा दाखला त्याच १९७१ मध्ये मुंबईतही मिळाला. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर हे सारे वेस्ट इंडीजमध्ये असताना मुंबईचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध उतरला. कर्णधार होते सुधीर नाईक. नामांकित खेळाडू नसतानाही मुंबईने तो करंडक राखला. १९५८–५९ पासून सलग पंधरा वर्षे चाललेल्या त्या विजयपरंपरेत हा विजय मला सर्वांत मोलाचा वाटतो.

लोकांच्या न्यायाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९७१ च्या विजयानंतर इंदूर शहरात एक भव्य ‘विजय बल्ला’ उभारण्यात आला. तीन वर्षांनी, ४२ धावांच्या पराभवानंतर, लोकांनी त्याच बल्ल्याची विटंबना केली. जे हात हार घालतात, तेच हात डांबर फासतात. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले आणि त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली.

परंतु त्यांची कसोटी तेथे संपली नव्हती. दोन दशकांनी ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. आता त्यांना स्वतः मैदानात उतरता येत नव्हते. १९९३ मध्ये मायदेशात भारताने इंग्लंडला तिन्ही कसोटींत हरविले. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंड येथे सलामीला जाण्याची सचिन तेंडुलकर यांची विनंती कर्णधार अझरुद्दीन व वाडेकर यांनी मान्य केली आणि तेंडुलकरांनी ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या. तरुणाची मागणी आगाऊपणाची न मानता ती ऐकून घेणे, हाही नायकाचाच गुण होय. याच संघाला १९९६ च्या विश्वचषकात कोलकात्याच्या उपान्त्य सामन्यात पराभव पत्करावा लागला, हेही नोंदविले पाहिजे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी वाडेकर निवर्तले.

ओव्हलच्या विजयाच्या दिवशीची एक हकीकत सांगतात. अखेरच्या दिवशी सकाळीच वाडेकर ४५ धावांवर धावचीत झाले. विजयाला अजून जवळजवळ शंभर धावा हव्या होत्या. कक्षात परतून ते चक्क झोपी गेले, आणि विजयाची वार्ता सांगण्यासाठी त्यांना जागे करावे लागले! काहींना यात बेफिकिरी दिसेल. मला यात विश्वास दिसतो. आपले काम संपल्यावर उरलेले काम सहकाऱ्यांच्या हाती निर्धास्तपणे सोपविता येणे, हे ज्याला जमते तोच गुणवंतांचा नायक होऊ शकतो. विद्यार्थीमित्रहो, उद्या तुमच्या वर्गाचा, गावाच्या संघाचा किंवा एखाद्या संस्थेचा भार तुमच्यावर येईल. त्या वेळी ‘माझ्याहून सरस माणसे मला सोबत घेता येतील काय?’ हा प्रश्न स्वतःला आधी विचारा.

शब्दार्थ

कासरा – बैलांना बांधलेली, हाती धरावयाची दोरी. तास – नांगराने पडणारी रेघ. मनस्वी – स्वतःच्या मनाप्रमाणे वागणारा. शिरस्त्राण – डोक्याच्या रक्षणाचे साधन. शल्य – मनात सलणारे दुःख. असूया – मत्सर. खाचर – बांध घातलेले भातशेत. उपान्त्य – शेवटच्या आधीचा.

स्वाध्याय

१. पूर्वपक्षाने वाडेकरांना ‘केवळ भाग्यवान कर्णधार’ का म्हटले आहे?

२. किंग्स्टनच्या कसोटीत नियमाच्या ज्ञानाचा वाडेकरांना कोणता उपयोग झाला?

३. ‘त्या एका डावाने दोन्ही पक्षांचे अर्धे म्हणणे खोडून काढले,’ हे विधान स्पष्ट करा.

४. यशाची तीन कारणे कोणती? त्यांपैकी नायकाच्या हाती काय असते?

५. ‘संघाच्या यशाचे खरे श्रेय नायकाचे असते’ या विषयावर वर्गात वादविवाद घ्या. बोलण्यापूर्वी प्रत्येक वक्त्याने प्रतिपक्षाचे म्हणणे दोन वाक्यांत सांगावे.

६. तुमच्या गावातील कबड्डीच्या एखाद्या संघाचे निरीक्षण करा आणि त्यात कोणाचे काम लोकांच्या नजरेत येत नाही, ते दहा ओळींत लिहा.